शनिवारचा आवाज

चाळिशीला टेकलेली बाई स्वतःच्याच आवाजाला दचकली, झालं एवढंच. कुणी ओरडलं नाही, काही पडलं-फुटलं नाही. शनिवार होता, शेअरबाजार बंद होता, आणि ब्रोकरच्या त्या कचेरीच्या मागच्या खोलीत पाचसहा माणसं खुर्च्या टाकून बसली होती. टेबलावरच्या काळ्या स्पीकरमधून एक बाई म्हणत होती, “बरं, मी बघते. तू काळजी करू नकोस. मी आहे ना.” ती बाई म्हणजे आपणच, हे कळायला तिला जरा वेळ लागला. कारण तिला ऐकू आले होते ते बाबा. आणि बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

तर ही त्या कचेरीची रीत होती. ब्रोकरकडचे फोन सगळीकडेच टेप होतात. उद्या गिऱ्हाईक म्हणालं की मी असं बोललोच नव्हतो, तर पुरावा हाताशी असावा म्हणून. इतर ठिकाणी ते कुठेतरी पडून राहतात. इथल्या मालकांनी मात्र त्यांना वेगळ्याच कामाला जुंपलं होतं. मालकांना सगळे मास्तर म्हणत, कारण नवीन माणसाला शिकवायची त्यांना भारी हौस. शनिवारी ते प्रत्येकाचा एकेक फोन निवडायचे आणि ज्याचा त्याला सगळ्यांदेखत ऐकवायचे. वर स्वतः एक अक्षर बोलायचे नाहीत. फोन बरा असला तर एकदा लावून पुढच्याकडे वळायचे, काही चुकलं असलं तर तोच पुन्हा लावायचे. बस्स, एवढीच शिक्षा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथे तो शब्दही ज्याचा त्याचाच. तिच्या शेजारच्या टर्मिनलवर बसणारा लंबू म्हणायचा, त्यापेक्षा मास्तरांनी छडी आणावी, तिचे वळ तरी दोन दिवसांत जातात.

मास्तरांनी तिचा फोन पुन्हा लावला. लंबूने सहानुभूतीने आपल्या बुटांकडे बघितलं. दुसऱ्यांदा तिने नीट कान दिला. फोन आत्याचा होता, बाबांच्या धाकट्या बहिणीचा. आत्या विचारत होती, मग कुठला घेऊ? ही दोन कंपन्यांची माहिती देत होती, एकीचं असं आहे, दुसरीचं तसं आहे. इथपर्यंत काही वावगं नव्हतं. मग आत्या म्हणाली, मला काय कळतंय, तूच बघ. इथे तिचं घोडं अडायला हवं होतं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी बजावलं होतं, गिऱ्हाईक ‘तू बघ’ म्हणालं की आपण म्हणायचं, ‘तुम्ही सांगा.’ कुठली कंपनी, किती शेअर, काय भावाने, हे तिन्ही गिऱ्हाइकाच्या तोंडून यायला हवं. मग आपण ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. मग त्याचा ‘हो’ घ्यायचा. आणि मगच बोट बटणाकडे न्यायचं. शेअरबाजारातली पहिली इयत्ता ही एवढीच, बाकीचं सगळं पेपरात छापून येतं, असं मास्तरांचं मत होतं. आणि तिने काय केलं होतं? ‘मी बघते’ म्हणाली होती, वर ‘मी आहे ना’ हे तीन शब्द चिकटवले होते, आणि ऑर्डर टाकून मोकळी झाली होती. चूक तर तिला दिसलीच. पण ती चूक ज्या आवाजात झाली होती तो आवाज तिचा नव्हता, आणि हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी जाताना ती बसने न जाता चालत निघाली. शनिवारची दुपार होती, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागलेल्या, एक माणूस शिडीवर चढून दिव्याच्या खांबाला रंग देत होता. ती मनातल्या मनात ते तीन शब्द म्हणून बघत होती. मनात म्हटले की ते तिचेच वाटत. मोठ्याने म्हटले तरी तिचेच. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, बाहेरून तो कसा आहे हे सगळ्या जगाला ठाऊक असतं, आपण सोडून. इतकी वर्षं आपण लोकांशी बाबांच्या आवाजात बोलत होतो की काय, या विचाराने तिला कसंसंच झालं. भाजीवाल्याशी, मुलाच्या शाळेतल्या बाईंशी, नवऱ्याशीसुद्धा. तिने थांबून एका बंद दुकानाच्या काचेत पाहिलं. चेहरा आईचा होता, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. लहानपणी सगळे म्हणायचे, पोरगी आईवर गेली. कान देऊन ऐकायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बाबांचा आवाज म्हणजे काय चीज होती, ते ज्यांनी ऐकला त्यांनाच माहीत. खालच्या पट्टीतला, भरीव, घाई नसलेला. लहानपणी ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते. दिवे गेले की जिना काळाकुट्ट व्हायचा. ती खेळून परत यायची आणि खालच्या पायरीवर अडून बसायची. मग वरून बाबांचा आवाज यायचा, “ये वर. मी आहे ना.” बाबा खाली उतरायचे नाहीत. बॅटरीही आणायचे नाहीत. नुसते बोलत राहायचे, आणि ती त्या आवाजाच्या दिशेने एकेक पायरी चढत जायची, कठड्याला हातही न लावता. वर पोचली की ते म्हणायचे, बघ, आलीस की नाही. तेव्हा ते खरं होतं. बाबा होते, जिना होता, आणि प्रत्येक पायरी कालच्याच जागेवर होती.

पुढे त्याच आवाजाने घात केला. बाबा आपली नोकरी सांभाळून एका कंपनीचे एजंट झाले. गावाबाहेर जमीन घेऊन तिचे तुकडे पाडणार, आज थोडे पैसे भरा, पाच वर्षांनी तुकडा तुमच्या नावावर. बाबांनी आधी स्वतः पैसे भरले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग भाऊ, मेहुणे, चुलते, शेजारी. जो कोणी का-कू करायचा त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचे, मी आहे ना. आणि माणसं खरंच पैसे काढून द्यायची. कंपनीला कोण ओळखत होतं, ती द्यायची त्या आवाजाला. एका सकाळी कंपनीच्या दाराला कुलूप दिसलं. भांडण असं कुणी केलं नाही, केलं असतं तर बरं झालं असतं. नातेवाइकांनी फक्त बाबांशी बोलताना ‘बरं बरं’ म्हणायला सुरुवात केली. लग्नाकार्यात बाबा दाराजवळ, चपलांपाशी खुर्ची घेऊन बसायचे, म्हणजे फोटोसाठी बोलवायची कुणावर पाळी येऊ नये. आणि तो आवाज त्यांनी आवरून ठेवला तो ठेवलाच. शेवटची काही वर्षं ते असं पुटपुटत बोलायचे की आई चिडून म्हणायची, जरा तोंड उघडून बोला, घरात चोर नाहीत. तेव्हाच तिने कानाला खडा लावला होता, की आपण कुणालाही, काहीही, कधीही घ्यायला सांगायचं नाही.

आणि खडा लावलेला कान घेऊनच ती पुढे औषधांच्या दुकानात कामाला लागली. काउंटरवर दहाअकरा वर्षं काढली तिने. लोक यायचे, पोट धरून, डोकं धरून, विचारायचे, काय घेऊ? ती म्हणायची, डॉक्टरांना विचारा. अहो पण तुम्हाला तर सगळं ठाऊक असतं. डॉक्टरांना विचारा. मालक वैतागायचे, गिऱ्हाईक पाठीमागे शिष्ट म्हणायचं, पण ती कधी ढळली नाही. मग मालक थकले, दुकान एका मोठ्या कंपनीने घेतलं, आणि त्या कंपनीला तरुण, हसऱ्या मुली हव्या होत्या. आता काय करायचं? नवरा म्हणाला, तुला आकडे आवडतात, पेपर आला की आधी मागचं पान उघडतेस, ती शेअरची परीक्षा का देत नाहीस? तिला हसूच आलं. पण दिली. परीक्षेला आजूबाजूला सगळी विशीतली मुलं. पर्यवेक्षकाने तिला आधी मुलाला सोडायला आलेली आईच समजून बाहेरचं बाक दाखवलं. पास झाली, चांगली झाली. तेव्हा तिला वाटलं आता झालो आपण शेअर दलाल. ते तसं नसतं. परीक्षा फक्त दारातून आत घेते. मग काही महिने दुसऱ्याच्या शेजारी बसून, कानाला हेडफोन लावून नुसतं ऐकायचं. मग स्वतःचं टर्मिनल मिळतं, ते पण अर्ध्या पगारावर. आणि मग सांगतात, आता गिऱ्हाइकं आणा. बाजारात तुम्हाला कोण ओळखतं? कुणी नाही. म्हणून पहिली खाती घरातली. भाऊ, मेहुणा, मावशी, शेजारी. लंबू त्याला म्हणायचा, पहिली विकेट घरची.

इथे तिचं सगळं अडलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तिच्या घरची माणसं ताकाकडे नुसती बघतही नव्हती. चुलतभावाने शांतपणे विचारलं, परत? मामांनी ऐकून घेतलं आणि ‘बरं बरं’ म्हणाले, आणि ते ‘बरं बरं’ तिने पुरतं ओळखलं. आपण तर धडे घेऊन, परीक्षा देऊन, कायद्याने आलोय, हे ती कुणाला आणि किती सांगणार. चारदोन खाती नवऱ्याच्या ओळखीतून झाली. आणि एक दिवस आत्याचा आपणहून फोन आला, माझं खातं उघड म्हणून.

आत्या एकटी राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर नोकरी केलेली. ज्या काळी दुसऱ्या गावाला फोन लावायचा तर मधली बाई तारा जोडून द्यायची, त्यातली ती मधली बाई. जमिनीच्या त्या तुकड्यांत तिचेही पैसे गेले होते, आणि तरीही सगळ्या घरात बाबांकडे येत राहिलेली ती एकटी. यायची, लग्नाकार्यातही बाबांच्या शेजारी चपलांपाशी खुर्ची टाकून बसायची आणि दोघं काहीबाही बोलत राहायची. आत्याचं खातं उघडलं तेव्हा हिला इतकं भरून आलं होतं की पहिल्या ऑर्डरला ती ‘तुम्ही सांगा’ म्हणायचं साफ विसरली. हे आता, शनिवारी दुपारी, रस्त्यात उभं राहून तिच्या लक्षात येत होतं. आणि हे सगळं अजून तिथेच थांबलेलं नव्हतं. आत्याची बँकेतली मोठी ठेव येत्या बुधवारी मोकळी होणार होती. नोकरी संपल्यावर जे मिळालं ते सगळं त्यात. आत्या सांगून बसली होती की ते सगळं तुझ्याकडे टाकते. ते आलं की तिचं महिन्याचं टार्गेट पुरं होणार, ती कायम होणार, पूर्ण पगार चालू होणार. नाही आलं तर आणखी तीन महिने अर्ध्यावर, आणि त्यानंतर मास्तर काय म्हणतील ते मास्तरांनाच ठाऊक.

नवऱ्याला तिने हे सगळं सांगितलं. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. घरामागच्या खोलीत त्याची कार्यशाळा, टेबलावर ओळीने कुणाकुणाची हसणारी तोंडं. एरवी तो तिला चिडवायचा, तुम्ही ब्रोकर लोक माणसाचे दात घशात घालता आणि मग तो माझ्याकडे येतो. आज चिडवलं नाही. एक जबडा हातात फिरवत ऐकत राहिला. म्हणाला, आवाज बापाचा आहे तर आहे, नाक असतं तर काय कापून टाकलं असतंस? मग थोड्या वेळाने म्हणाला, मी माप घेताना माणसाला बोलू देत नाही, बोलला की माप बिघडतं. हे तो का म्हणाला ते तिला कळलं नाही. त्यालाही कळलं असेल असं नाही. जबडा खाली ठेवून त्याने चहा टाकला.

सोमवारी तिने आवाज बदलून पाहिला. हसू नका, माणूस काय काय करतो. पट्टी वर चढवली, शब्द पातळ केले. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, मॅडम रजेवर आहेत का? दुसऱ्याने सर्दीवर काढा सुचवला. लंबूने न बोलता तिच्यासमोर खोकल्याची गोळी ठेवली. दुपारपर्यंत घसा इतका दुखला की आवाज आपसूक आपल्या जागी आला, आणि जागी आल्यावर तिला चक्क बरं वाटलं. एखादी जुनी चप्पल पायात जावी तसं. मग तिला वाटलं, बाबांचा आवाज तरी काय करणार होता? त्याने जिन्यावरून वर आणलं होतं. तापात झोपवलं होतं. आवाज चांगलाच होता. बाबांनी तो नको त्या जागी वापरला, जिथल्या पायऱ्या कुणीच बघितलेल्या नव्हत्या.

मंगळवारी बाजार बंद झाल्यावर ती मास्तरांच्या काचेच्या खोलीत गेली आणि म्हणाली, माझ्या आत्याचं खातं लंबूकडे द्या. मास्तर म्हातारे होते, बाजार माणसांनी हात उंचावून, ओरडून चालायचा तेव्हापासूनचे. त्यांचा आवाज त्या ओरडण्यात कधीच गेला होता. ते घोगरं, जपून बोलायचे. त्यांनी कारण विचारलं नाही.

“म्हणाल तर देतो,” ते म्हणाले. “तुमची आत्या सुटेल, बाई. पुढच्या माणसाचं काय करणार?”

मास्तरांनी चष्मा पुसला, परत लावला, पडद्यावर काहीतरी बघू लागले. म्हणजे बोलणं संपलं होतं. ती बाहेर आली. खातं लंबूकडे द्यायचं की नाही हे तिलाच ठरवायचं होतं, म्हणजे ‘तुम्ही सांगा’ हा नियम मास्तर गिऱ्हाइकांपुरता ठेवत नव्हते. तिने खातं दिलं नाही. का दिलं नाही हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भीती तर वाटतच होती. पण आत्याचा फोन दुसऱ्या कुणी घेतोय, हे तिला बघवलं नसतं.

बुधवारी बाजार संथ होता. पडद्यावरचे आकडे हिरवे होत, लाल होत, परत हिरवे होत, कशाचं काही सोयरसुतक नसल्यासारखे. पंखा फिरत होता, लंबू कुणाला तरी ऑर्डर परत म्हणून दाखवत होता. फोन वाजला आणि तिला उचलायच्या आधीच कळलं. आत्या म्हणाली पैसे सकाळीच आले. प्रकृती बरी आहे, डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू म्हणतात. आणि हे पैसे आता तुला हवे तिथे टाक.

कुठे टाकायचे ते तुला सांगावं लागेल, असं ती म्हणाली. आत्या म्हणाली मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग नको टाकूस, असं ती म्हणाली. त्यावर आत्या हसली. म्हणाली, अशी कशी गं तू दलाल, अंगणात आलेली लक्ष्मी हाकलतेस. तीही हसली. वाटलं, निभावलं. पण आत्याचं हसणं ओसरलं आणि ती सावकाश म्हणाली,

“वर जातं, खाली जातं, ते मी टीव्हीवर बघते. त्याचं काही नाही. मला एवढंच सांग, तू आहेस ना?”

तिच्या दातांपर्यंत ते तीन शब्द आले होते. किती सोपे शब्द. आत्याला तेवढेच हवे होते. ना कंपनीचं नाव हवं होतं, ना भाव. आणि खोटं तरी काय होतं त्यात, ती होतीच की. टार्गेट होतं, पूर्ण पगार होता, मुलाची पुढच्या वर्षीची फी होती. ओठ उघडायचे की झालं. तिने समोर पाहिलं. पडद्याच्या कडेला धूळ होती, त्यात कुणीतरी बोटाने रेघ मारली होती. ती त्या रेघेकडे बघत राहिली. पलीकडे आत्या श्वास घेत होती, घाई न करता. तारांच्या जंजाळात बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या गप्प राहण्याला कान देणाऱ्या बाईला गप्प राहण्याची कसली भीती? भीती होती ती हिला. लंबूचं बोलणं संपलं, त्याने फोन ठेवला, नवा घेतला. ती अजून गप्पच होती.

“तुझ्यासाठी आहे, आत्या,” ती शेवटी म्हणाली. “दवाखान्यात यायला आहे, जिना उतरताना हात धरायला आहे. बाजारापुढे मी नाही. बाजार पडला तर मी काहीसुद्धा करू शकणार नाही.”

पलीकडे काहीच आवाज आला नाही. तिला वाटलं, गेली. आत्याही गेली. आता घरात ‘बरं बरं’ न म्हणणारं कुणी उरलं नाही.

“दादाचं मी तेव्हाच ओळखलं होतं,” आत्या म्हणाली.

“काय ओळखलं होतंस?”

“त्याचीच खात्री नव्हती ते. ‘मी आहे ना’ म्हणाला, आणि मध्येच त्याचा श्वास चुकला. जन्मभर कानाला यंत्र लावून बसले गं मी. माणूस कुठे अडखळतो ते मला शब्दाच्या आधी ऐकू येतं.”

“मग पैसे का दिलेस?”

“नसते दिले तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं.” आत्या थांबली. “परवा तुझाही चुकला.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लंबूने खुर्ची आवाज न करता जरा पलीकडे सरकवली आणि पाठ करून बसला. तिला वाटत आलं होतं की आपण आत्याला फसवलं. आणि आत्या तर सगळं ऐकून, सगळं ओळखून, डोळ्यांदेखत फसायला तयार होती. पहिल्यांदा भावासाठी, आणि आता भावाच्या मुलीसाठी, आयुष्याची कमाई घेऊन. तिला लाज वाटू नये म्हणून. एवढी माया पेलायची कशी, ते तिला कळेना. बाबांना हे कधी कळलं असेल का? चपलांपाशी शेजारी बसून ही बहीण जे काहीबाही बोलायची, त्यात हे कधी आलं असेल का? नसणारच. आलं असतं तर ते तोंड उघडून बोलले असते.

“आता बोललीस त्यात नाही चुकला,” आत्या म्हणाली. मग तिने घसा साफ केला, आणि एक्स्चेंजमधल्या बाईचा सरळ, कोरडा आवाज लावला. “हं, घे आता. ती औषधाची कंपनी, तू पहिली सांगितलेलीस. तेवढंच मला समजतं, औषधं मी रोज खाते. वीस शेअर. चारशेच्या आत मिळाला तर घे, नाही तर नको. बाकीचे बँकेतच बरे आहेत. आता परत म्हण.”

तिने परत म्हणून दाखवलं. कंपनी, वीस, चारशेच्या आत. आवाज जरा ओला होता, पण आकडे सरळ गेले.

“हो,” आत्या म्हणाली. “आम्हीसुद्धा नंबर परत म्हणायचो. न म्हणता तार जोडली की हमखास भलत्याच्या घरी घंटा. चल, ठेवते. ऑपरेशनला मात्र यायचं.”

ऑर्डर तिसऱ्या प्रहरी लागली, अगदी लहानशी, पडद्यावर एकदा लुकलुकून गेली. महिन्याचं टार्गेट अर्थातच राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांनी तिला बोलावून सांगितलं की आणखी तीन महिने अर्ध्या पगारावर, नियम आहे, इलाज नाही. ती बरं म्हणाली. निघताना मास्तरांनी हाक मारली. म्हणाले, उद्यासाठी तुमचा बुधवारचा फोन काढून ठेवला होता, पण त्यात घरचं बोलणं आहे. लावायचा की नाही, तुम्ही सांगा. तिने दाराची मूठ सोडली. लावा, म्हणाली. सगळा लावा.

शनिवारी परत तीच खोली, त्याच खुर्च्या. लंबूचा फोन झाला, एकदाच लागला, त्याने हुश्श केलं. मग तिचा. तिने हात मांडीवर ठेवले होते. स्पीकरमधून आत्या बोलत होती, ती बोलत होती, खोलीत सगळे खाली बघत होते. दादाचं ते सगळं झालं, वीस शेअर झाले, आत्याचा ‘हो’ झाला, ऑपरेशनला यायचं झालं. खट्. मास्तरांचा हात बटणावरून निघाला आणि पुढच्या फोनकडे वळला. म्हणजे बरा होता. एकदाच. लंबूने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

“मास्तर,” ती म्हणाली. “परत लावा ना.”

खोलीतली माणसं तिच्याकडे बघायला लागली. या कचेरीत असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि काही न विचारता लावला. तिने डोळे मिटून घेतले. आत्या हसली, तीही हसली, आत्याने विचारलं, तू आहेस ना. मग सगळं गप्प झालं. गप्प म्हणजे पंखा होता, लंबूचा लांबून येणारा आवाज होता, कुणीतरी कागद फाडला होता, आणि या सगळ्याच्या अलीकडे कुणाचातरी श्वास होता, लांब, एकसारखा, कुठेही न चुकणारा. ते गप्प राहणं बुधवारी तिला संपता संपेना असं वाटलं होतं. आज वाटलं, आणखी थोडं असतं तरी चाललं असतं. मग जिन्याच्या वरच्या टोकाकडून यावा तसा तो आवाज आला, खालच्या पट्टीतला, भरीव, घाई नसलेला. आणि बाबांनी सांगून टाकलं की बाजारापुढे मी नाही, बाजार पडला तर मी काहीसुद्धा करू शकणार नाही.